आकाशाची भाषा आणि कुलाब्याकडचे पंतोजी

पेणहून अलिबागेकडे निघालेल्या मनुष्यास वडखळ सोडल्यावर धरमतरची खाडी आडवी येते. आज तिच्यावर पूल आहे, आणि मोटार इतक्या झपाट्यानें पलीकडे जाते कीं, खाडीकडे पाहण्याची कोणास आठवणहि राहत नाहीं. परंतु एके काळीं मुंबईहून निघालेला उतारू येथेंच आगबोटींतून उतरत असे, आणि ज्या जिल्ह्यास १९८१ पासून आपण रायगड म्हणतों त्या जुन्या कुलाबा जिल्ह्याची पहिली ओळख त्याला या खाजणाच्या वासानेंच होत असे. माझें सारें आयुष्य या खाडीच्या आसपास शाळामास्तरकी करण्यांत गेलें. तेव्हां श्रोतेहो, आकाशाविषयीं बोलावयाचें असलें तरी आरंभ मी चिखलापासून करतों, याबद्दल आपण मला क्षमा कराल अशी आशा आहे.

माझ्या लहानपणीं आमच्या ओळखीचे एक म्हातारे तांडेल होते. त्यांच्याजवळ घड्याळ नव्हतें आणि भरती-ओहोटीचें छापील कोष्टकहि नव्हतें. भरती केव्हां, असें कोणीं विचारलें कीं ते फक्त तिथि विचारीत आणि तिची पाऊणपट करीत. पंचमी असली तर पांचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पावणेचारच्या सुमारास मुंबई बंदरांत पूर्ण भरती, आणि खाडींत आंत आल्यावर ती त्याहून थोडी मागाहून. अष्टमीस सहा, पौर्णिमेस किंवा अमावास्येस सव्वाअकरा. चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरा उगवतो आणि पाणी त्याच्या मागोमाग चालतें, एवढें मोठें शास्त्र त्यांनीं एका पाऊणकीच्या पाढ्यांत बांधून ठेवलें होतें. अवस-पुनवेच्या मोठ्या भरतीस ते उधाण म्हणत, आणि अष्टमीच्या आसपासच्या मंद भरतीस भांग म्हणत.

पुढें मी मास्तर झालों आणि वरच्या वर्गांतल्या मुलांसाठीं एका इंग्रजी पुस्तकांतून भूगोलाचा उतारा काढूं लागलों. त्यांत ‘स्प्रिंग टाइड’ असे शब्द आले. मीं कोश उघडला, स्प्रिंग म्हणजे वसंत ऋतु असें पाहिलें, आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘वसंतांतील भरती’ असें लिहून मोकळा झालों. तिसऱ्या बांकावरचा एक कोळ्याचा मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, वसंतांतच कां? ही तर दर अवसेला येते कीं!” त्या इंग्रजी शब्दाचा वसंताशीं कांहीं संबंध नाहीं, उसळी मारणें या अर्थाच्या क्रियापदाशीं आहे, हें मला मागाहून कळलें. उधाण हा शब्द माझ्या घरीं, माझ्या दारीं होता, आणि मी तो टाकून कोशांत वसंत शोधीत होतों! फ्रान्समधला मुलगा इंग्रजी शिकूं लागला म्हणजे त्याचीहि या शब्दापाशीं फजिती होत असली पाहिजे. कारण त्याच्या भाषेंत या भरतीस ‘जिवंत पाणी’ आणि भांगाच्या भरतीस ‘मेलेलें पाणी’ अशा अर्थाचे शब्द आहेत. वसंत तेथेंहि कोठें नाहीं.

ही चूक हंसण्यावारी गेली. दुसरी एक गेली नाहीं. १९८५ च्या सुमाराची गोष्ट. सहामाही परीक्षेंत मीं प्रश्न घातला होता, “ग्रह किती व कोणते?” एका भिक्षुकाच्या मुलानें स्वच्छ अक्षरांत नऊ नांवें लिहिलीं: रवि, सोम, मंगळ, बुध, गुरु, शुक्र, शनि, राहु, केतु. मीं त्यावर तांबड्या शाईनें शून्य दिलें, आणि तेवढ्यावर न थांबतां भर वर्गांत म्हणालों कीं, तुझ्या वडिलांच्या पंचांगांतले ग्रह शाळेंत चालत नाहींत. मुलें हंसलीं. तो मुलगा त्यानंतर वर्षभर हात वर करीनासा झाला. त्याचें उत्तर माझ्या पुस्तकाप्रमाणें चूक होतें हें खरें. परंतु तें चूक कां, हें मला तरी कोठें सांगतां येत होतें? एकच शब्द दोन शास्त्रांत दोन अर्थांनीं नांदत आहे, एवढी गोष्ट मला ठाऊक असती तर मीं तें शून्य दिलें नसतें.

ग्रह म्हणजे धरणारा, पकडणारा. जो आकाशांत फिरतो आणि मनुष्याच्या नशिबाला धरतो तो ग्रह, अशी आपल्या पूर्वजांची कल्पना. मग त्यांत सूर्य आणि चंद्र यावेत हें ओघानेंच आलें, आणि ग्रहणें घडविणारे राहु-केतु, म्हणजे चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गास जेथें छेदतो ते दोन बिंदु, हेहि आले. ग्रीक लोकांनीं त्याच ज्योतींना ‘भटके’ म्हटलें. इंग्रजी ‘प्लॅनेट’ आणि फ्रेंच ‘प्लानेत’ हे त्या ग्रीक शब्दाचेच वंशज. त्यांच्याहि भटक्यांत सूर्य-चंद्र होतेच. पुढें १५४३ सालीं कोपर्निकसाचा ग्रंथ निघाला, सूर्य मध्यें बसला, पृथ्वी भटक्यांत जमा झाली आणि चंद्र तिचा अनुचर ठरला. युरोपांत शब्द तोच राहिला, अर्थ मात्र शंभर-दीडशें वर्षांच्या भांडणानंतर बदलला. आपल्याकडे तो नवा अर्थ इंग्रजी शाळेबरोबर तयार होऊन आला आणि जुना अर्थ भिंतीवरच्या पंचांगांत तसाच राहिला. एकाच घरांत दोन ग्रह, आणि त्यांची गांठ घालून देण्याचें काम पडलें शाळामास्तरांवर.

हें काम ज्यांनीं खऱ्या अर्थानें केलें त्यांपैकीं दोघांचा संबंध धरमतरपलीकडच्या एकाच किनाऱ्याशीं येतो, याचें मला नेहमीं कौतुक वाटतें. अलिबागेहून दक्षिणेस निघालें म्हणजे प्रथम नागांव लागतें, आणि त्याच वाटेनें चौलावरून पुढें गेलें कीं रेवदंडा. एका सकाळच्या पायपिटीचें अंतर. नागांव ही केरो लक्ष्मण छत्रे यांची जन्मभूमि. रेवदंड्याच्या मराठी शाळेंत शंकर बाळकृष्ण दीक्षित हे १८७४ पासून कांहीं वर्षें मुख्य शिक्षक होते.

केरूनाना लहान वयांतच मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत लागले. ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं स्थापिली. तेथें बाळशास्त्री जांभेकरांसारखा विद्वान् वावरला होता. बाळशास्त्री म्हणजे ‘दर्पण’ काढणारे संपादक एवढीच त्यांची ओळख आपण ठेवली आहे. परंतु ते गणिताचे अध्यापक होते, आणि इंग्रजीबरोबर फ्रेंचहि जाणत होते. ते १८४६ च्या मे महिन्यांत, ऐन तारुण्यांत वारले. चारच महिन्यांनीं बर्लिनच्या दुर्बिणींतून नेपच्यून सांपडला. ती वार्ता मराठींत त्यांनीं कशी सांगितली असती, असा विचार मनांत आल्याशिवाय राहत नाहीं.

केरूनानांनीं १८६० सालीं ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ प्रसिद्ध केलीं. युरोपांतील नवें गणित घेऊन त्यांनीं तें मराठी वाचकाच्या हातीं दिलें; आणि तें देतांना अंश, कला, विकला, शर, क्रांति हे आपले जुने शब्दच वापरले. गणित नवें, शब्द जुने. वाचकाला ओळखीच्या घरांत नवा पाहुणा भेटला. पुढें १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साह्यानें त्यांनीं वेधाशीं जुळणारें पंचांग सुरू केलें. टिळकांना गणित शिकविणारे हेच केरूनाना. १८८४ सालीं ते निवर्तले.

या पंचांगावरून जो वाद माजला, त्याच्या मुळाशीं पाहिलें तर एका शब्दाचा अर्थच आहे. जुन्या ग्रंथांत राशिचक्राचा आरंभ रेवती नक्षत्राच्या योगतारेपाशीं सांगितला आहे. पण आकाशांत बोट दाखवून सांगा, कीं ही पाहा रेवतीची योगतारा! मीन राशींतला एक बारीक, डोळ्यांस जेमतेम दिसणारा तारा केरूनानांनीं धरला. दुसऱ्या पक्षानें चित्रेचा ठळक तारा धरून त्याच्या बरोबर समोर आरंभबिंदु मानला. दोन बिंदूंत जवळजवळ चार अंशांचें अंतर पडतें, म्हणून पहिल्या पक्षाची संक्रांत चारएक दिवस अगोदर येते. तेव्हां शेजारच्या घरीं तिळगूळ वांटून झाला आणि आपल्या घरीं अजून तीळ भाजावयाचे आहेत, असा प्रकार महाराष्ट्रांत पुष्कळांनीं पाहिला आहे. ग्रंथांतल्या नांवाची आकाशांतल्या वस्तूशीं गांठ घालणें हें पोथीपंडितांचें निरुपद्रवी काम आहे असें ज्यांस वाटतें त्यांनीं हा वाद अवश्य वाचावा.

शंकर बाळकृष्ण दीक्षित दापोली तालुक्यांतल्या मुरुडचे, जन्म १८५३. १८७४ सालीं ते मॅट्रिक झाले आणि शिक्षणखात्यांत शिरले. मीहि मॅट्रिकच, साम्य तेवढ्यापुरतेंच, हें आधींच सांगून टाकतों. रेवदंडा, ठाणें, बार्शी, धुळें अशा बदल्या होत होत ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजांत आले, आणि शाळेचें काम संभाळून त्यांनीं १८९६ सालीं ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास’ हा जाडजूड ग्रंथ छापून काढला. दोन वर्षांनीं, पंचेचाळीसहि पुरीं न होतां, ते गेले. सामान्य वाचकांसाठीं त्यांनीं ‘ज्योतिर्विलास’ लिहिला, आणि त्याला ‘रात्रीची दोन घटका मौज’ असें दुसरें नांव दिलें. त्या नांवांतच त्यांचें अध्यापनशास्त्र आहे. अंगणांत बाज टाकून मुलाला तारे दाखवावे, आणि नांवें मागाहून सांगावीं.

मीं दीक्षितांचा इतिहास हातीं घेतला तो त्या शून्याच्या प्रकरणानंतर बऱ्याच वर्षांनीं. परकीयांकडून आपण काय घेतलें आणि त्यांना काय दिलें, हा प्रश्न या ग्रंथकारानें टाळला नाहीं. आणि त्या वाचनाच्या नादानें मी शब्दांच्या वाटा शोधूं लागलों. त्यांतल्या दोनतीन वाटा मी आपणांपुढें ठेवतों, कारण त्या मला कोणीं शाळेंत सांगितल्या नव्हत्या.

त्रिकोणमितींतला ‘साइन’ आपण सर्वांनीं पाठ केला. हा इंग्रजांचा शब्द, आपल्याला तो परका, अशी आपली समजूत. मूळ शब्द आपलाच आहे. आर्यभटाच्या काळीं वर्तुळाच्या कमानीस लावलेल्या दोरीला ज्या किंवा जीवा म्हणत. तो शब्द अरबांनीं घेतला आणि ‘जीब’ असा लिहिला. अरबी लिपींत ऱ्हस्व स्वर लिहिण्याची चाल नाहीं. तेव्हां तोच शब्द पुढच्या वाचकांनीं ‘जैब’ असा वाचला, आणि जैब म्हणजे अंगरख्याची घडी, कप्पा. बाराव्या शतकांत स्पेनकडच्या भाषांतरकारांनीं त्या घडीला लॅटिन शब्द दिला ‘सायनस’. फ्रेंचांनीं तो जसाच्या तसा ठेवला. इंग्रजांनीं त्याचा साइन केला. आतां गंमत अशी कीं, तोच अरबी जैब दुसऱ्या वाटेनें हिंदुस्थानांत आला आणि आपण त्याला जेब म्हणूं लागलों. धनुष्याची दोरी युरोपला गेली आणि खिसा होऊन परत आली!

केंद्र या शब्दाची वाट उलट दिशेची. तो संस्कृत वाटतो, पण मुळांत ग्रीक. कंपासाचें टोंक जेथें रुततें तो बिंदु. आपल्या ज्योतिष्यांनीं तो दीड हजार वर्षांपूर्वीं घेतला. तोच ग्रीक शब्द लॅटिनमधून फ्रेंचांत गेला आणि फ्रेंचांतून इंग्रजींत ‘सेंटर’ झाला. होरा या शब्दाचीहि हीच कथा. इंग्रजी ‘अवर’ त्याचा सख्खा भाऊ आहे. खस्वस्तिकास इंग्रजींत ‘झेनिथ’ आणि अधःस्वस्तिकास ‘नॅदीर’ म्हणतात. हे दोन्ही शब्द फ्रेंच आणि इंग्रजी या दोन्ही भाषांनीं अरबींतून घेतले, आणि नॅदीर ज्या धातूपासून झाला त्यापासूनच आपली रोजच्या बोलण्यांतली नजर झाली आहे. रोहिणीच्या ताऱ्यास इंग्रजींत ‘आल्डेबरान’ म्हणतात. अरबींत त्याचा अर्थ मागून येणारा. कृत्तिकांच्या मागून उगवतो म्हणून मागून येणारा. हें एकदां सांगितलें कीं मूल तें नांव जन्मांत विसरत नाहीं. मीं मात्र पंचवीस वर्षें तें स्पेलिंगसह घोकून घेतलें.

क्रांति हा शब्द तर फार बोलका आहे. ज्योतिषांत क्रांति म्हणजे विषुववृत्तापासून ज्योतीचें उत्तर-दक्षिण अंतर. सूर्य ज्या मार्गानें चाललेला दिसतो तें क्रांतिवृत्त. आतां कोणाही मुलाला विचारा, क्रांति म्हणजे काय? तो फ्रान्सच्या राज्यक्रांतीचें साल सांगेल. पण इंग्रजीकडे पाहावें तर तेथेंहि तोच प्रकार. ‘रेव्होल्यूशन’ हा शब्द आधीं आकाशांतल्या ज्योतींच्या फेऱ्यांना होता, कोपर्निकसाच्या ग्रंथाच्या नांवांतच तो आहे. रस्त्यावर तो मागाहून उतरला. दोन भाषांतले दोन शब्द एकमेकांस न विचारतां आकाशांतून राजकारणांत आले.

युरेनसच्या नांवाची हकीकत थोडी विस्तारानें सांगितली पाहिजे, कारण तिच्यांत फ्रेंच, इंग्रज आणि आपण असे तिघेहि आहों. १७८१ च्या मार्च महिन्यांत विल्यम हर्शल यांनीं हा ग्रह शोधला आणि इंग्लंडच्या राजाच्या नांवानें त्याला जॉर्जचा तारा म्हटलें. इंग्रजांच्या राजाचें नांव आकाशांत ठेवणें फ्रेंचांस रुचेना. त्यांच्या लालांद नांवाच्या ज्योतिष्यानें शोधणाऱ्याचेंच नांव सुचविलें: हर्शल. जर्मनींतल्या बोडे यांनीं पुराणाचा आधार घेऊन युरेनस म्हटलें. तिन्ही नांवें कित्येक वर्षें चाललीं. इंग्रजांच्या नाविक पंचांगानें राजाचें नांव १८५० सालीं सोडलें. मध्यंतरीं १८४६ सालीं फ्रेंच गणिती ल व्हेरिए यांच्या गणितावरून नेपच्यून सांपडला, तेव्हां पॅरिसचे आरागो म्हणूं लागले कीं, त्याला ल व्हेरिए हेंच नांव द्यावें. तें कोणीं मानलें नाहीं. शेवटीं युरोपांत सर्वत्र युरेनस आणि नेपच्यून हीं नांवें रूढ झालीं. फ्रान्सनें सुद्धां हर्शल टाकला. पण आपल्या मराठी कुंडलींत अजून काय लिहितात? हर्षल! फ्रेंचांनीं सुचविलेलें आणि फ्रेंचांनींच सोडून दिलेलें नांव मराठी जोशीबुवांनीं संभाळून ठेवलें आहे, आणि वर त्याला ‘हर्ष’ जोडून घरचें करून टाकलें आहे.

शालेय मराठींत युरेनसला प्रजापति आणि नेपच्यूनला वरुण म्हणतात. हिंदीनें युरेनसला अरुण म्हटलें. रोमन लोकांचा नेपच्यून समुद्राचा देव, म्हणून वरुण हें बरोबरच. पण एकोणिसाव्या शतकांतल्या कित्येक पंडितांना वरुण आणि ग्रीक ऊरानस हे मुळांत एकच शब्द वाटत होते. पुढें बहुतेक भाषापंडितांनीं तें साम्य सोडून दिलें. तें खरें ठरतें तर वरुण युरेनसकडे गेला असता आणि नेपच्यूनला दुसरा देव शोधावा लागला असता. आमच्या प्रश्नपत्रिकांवर ही केवढी कृपा झाली!

आतां ज्या गृहस्थांविषयीं मला विशेष आदर वाटतो त्यांच्याकडे येतों. व्यंकटेश बापूजी केतकर, जन्म १८५४, शिक्षणखात्यांतले एक शिक्षक. ‘ज्योतिर्गणित’ हा त्यांचा मोठा ग्रंथ संस्कृतांत आहे, आणि वर सांगितलेल्या वादांत ते चित्रा पक्षाचे. १९११ सालीं फ्रान्सच्या ज्योतिष संस्थेच्या मासिकांत त्यांचा एक लेख आला. नेपच्यूनच्या पलीकडे आणखी दोन ग्रह असावेत असें त्यांनीं गुरूच्या चंद्रांच्या गतींवरून बांधलेल्या एका नियमाच्या आधारें मांडलें, आणि त्यांना ब्रह्मा व विष्णु अशीं नांवें दिलीं. पहिल्याचें सूर्यापासून अंतर पृथ्वीच्या अंतराच्या ३८·९५ पट आणि प्रदक्षिणेचा काळ २४२·२८ वर्षें, असें त्यांचें गणित होतें. १९३० च्या फेब्रुवारींत अमेरिकेंत प्लूटो सांपडला: अंतर सुमारें साडेएकोणचाळीस पट, काळ सुमारें २४८ वर्षें. त्याच वर्षीं ऑगस्टांत केतकर वारले.

येथें अभिमानानें हुरळून जाण्याचा मोह होतो, आणि पुष्कळांस तो झालाहि आहे. परंतु खरें सांगितलें पाहिजे. केतकरांनीं ग्रह आकाशांत कोठें पाहावा हें सांगितलें नव्हतें. त्यांचा नियम बाहेरच्या ग्रहांना लागू पडत नाहीं. विष्णु आजवर कोणास दिसला नाहीं. आंकडे जवळ आले हा बव्हंशीं योगायोग होता. मला त्या लेखाचें मोल वेगळ्या कारणासाठीं वाटतें. मुंबई इलाख्यांतला एक शाळामास्तर परक्या भाषेच्या मासिकांत जातो, तिथल्या पंडितांशीं त्यांच्या शास्त्राच्या परिभाषेंत बोलतो, आणि नांवें ठेवावयाची वेळ आली तेव्हां निःसंकोच आपल्या घरचीं ठेवतो. शब्द घेणारा आणि शब्द देणारा, दोन्ही तोच.

अलिबागेची एक गोष्ट अजून राहिली. मुंबईंत ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचें ठरलें, तेव्हां कुलाब्याच्या वेधशाळेंतलीं पृथ्वीचें चुंबकत्व मोजणारीं नाजूक यंत्रें त्या प्रवाहानें बिघडतील हें दिसून आलें. वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनीं या कामासाठीं अलिबागची जागा निवडली; १९०४ पासून तेथें नोंदी सुरू झाल्या, आणि दोन वर्षें दोन्हीकडे एकदम वेध घेऊन १९०६ सालीं चुंबकत्वाचें काम पुरतें इकडे आलें. कुलाब्याच्या जुन्या वह्यांत १८५९ च्या २ सप्टेंबरची एक नोंद आहे. त्या दिवशीं चुंबकाची सुई अशी कांहीं खाली गेली, कीं तसें पुन्हा झालेलें आढळत नाहीं. सूर्यावरून सुटलेलें वादळ पृथ्वीवर आदळलें होतें. तारायंत्रें बिघडलीं, तेवढ्यावर त्या वेळीं भागलें. आतां आकाशांत हजारों उपग्रह फिरत असल्यामुळें तीच जुनी वही अवकाशशास्त्रज्ञ नव्या काळजीनें उघडून पाहतात.

उपग्रह, अवकाश असे शब्द मीं आतां सहज वापरले. पण १९५७ च्या ऑक्टोबरांत रशियाचा स्पुटनिक वर गेला त्याआधीं ते सहज नव्हते. जुन्या फलज्योतिषांत धूम, व्यतीपात वगैरेंना उपग्रह म्हणत. तीं नुसतीं गणितानें काढलेलीं स्थानें. आज चंद्रहि उपग्रह आणि माणसानें सोडलेला डबाहि उपग्रह. अवकाश शब्दाची तर मुलें फार थट्टा करीत. “जेवायला अजून अवकाश आहे” हें त्यांनीं रोज घरीं ऐकलेलें. तेव्हां अवकाशांत माणूस गेला म्हणजे तो जेवणाची वाट पाहत बसला काय, असें एकानें मला गंभीरपणें विचारलें होतें. म्हणून मी वर्गांत अंतराळ म्हणत असें.

रॉकेटला आपण अग्निबाण म्हणतों, आणि पुराणांतला शब्द ओढूनताणून आणला अशी त्यावर टीका होते. मला ती मान्य नाहीं. मराठी फौजांत बाण हें खरेंखुरें शस्त्र होतें. दारू ठांसलेल्या नळीला काठी बांधून तें सोडीत, आणि तें सोडणाऱ्या लोकांना बाणदार म्हणत. तें रॉकेटच. म्हैसूरच्या लढायांत असेच बाण अंगावर घेतल्यावर इंग्रजांनीं स्वतःचे करावयास घेतले. उलट रॉकेट या शब्दांत काय आहे? इटालियन भाषेंतली सूत काढण्याची लहानशी काठी! तिच्या आकारावरून आतषबाजीच्या नळ्याला तें नांव पडलें. आणि फ्रेंच माणूस रॉकेटला ‘फ्यूझे’ म्हणतो, तो शब्दहि चातीवरूनच आला आहे. ज्यांनीं माणसाला चंद्रावर पोंचविलें त्यांनीं सूतकताईचा शब्द टाकला नाहीं. मग आपण बाणदारांचा कां टाकावा?

विमान या शब्दाविषयीं मात्र सावध राहिलें पाहिजे. देवळाच्या गाभाऱ्यावरच्या शिखराला विमान म्हणतात, देवांच्या वाहनाला विमान म्हणतात, आणि सांताक्रूझला उतरतें त्यालाहि विमान म्हणतात. शब्द एक म्हणून वस्तु एक होत नाहीं. १८९५ सालीं चौपाटीवर एका मुंबईकर गृहस्थांनीं वेदांतल्या विद्येनें विमान उडविलें ही आख्यायिका मला शाळेच्या स्नेहसंमेलनांत किती वेळां ऐकावी लागली आहे! तिला विश्वसनीय असा समकालीन पुरावा पुढें आलेला नाहीं. तिच्या पाठीशीं उभा केला जाणारा विमानशास्त्राचा ग्रंथ बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेंतल्या पांच अभ्यासकांनीं १९७४ सालीं तपासला, आणि त्यांतलीं यानें उडूं शकणार नाहींत असा निर्वाळा दिला. माझ्या वसंतांतल्या भरतीसारखीच ही चूक आहे, फक्त उलट बाजूनें केलेली.

२००६ च्या ऑगस्टांत प्राग येथें जगांतल्या ज्योतिष्यांनीं मतें घेऊन प्लूटोला ग्रहांतून काढलें. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्र वाचतांना मला एकदम ती तांबडी शाई आठवली. १९८५ सालीं मीं जें उत्तर बरोबर म्हणून फळ्यावर लिहून दिलें होतें, तेंहि आतां चूक झालें होतें.

त्यानंतर कांहीं वर्षांनीं धरमतरला त्या मुलाची गांठ पडली. मूल कसलें, कानशिलावर केस पिकलेला गृहस्थ. पोलादाच्या कारखान्यासाठीं माल आणणारीं बार्जें जेथें लागतात तेथें पाण्याच्या वेळा नोंदविण्याचें त्याचें काम. त्यानें वांकून नमस्कार केला आणि हंसत विचारलें, “गुरुजी, आतां ग्रह किती म्हणायचे?” मीं म्हटलें, “कोणत्या पुस्तकांतले, तें आधीं सांग. आणि तें शून्य मी परत घेतों.” तें ऐकून तो क्षणभर गप्प झाला, मग त्यानें मला टपरींत नेऊन चहा पाजला आणि भिंतीवरचें भरतीचें छापील कोष्टक दाखविलें. त्या दिवशीं सप्तमी होती. मीं मनांतल्या मनांत साताची पाऊणपट केली, सव्वापांच. कोष्टकांत पांच वाजून पंचवीस मिनिटें छापलीं होतीं. खिडकीबाहेर पाणी चढत होतें.